मायक्रोवेव्ह वातावरणातून जाताना: स्वतःचे संगणकीय प्रारूप बांधायचे कसे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रडार बनवणाऱ्यांनी १.२५ सेंटिमीटर तरंगलांबीची यंत्रे तयार केली. तरंगलांबी जितकी आखूड तितके चित्र रेखीव, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. पण दमट हवेत या रडारची नजर फारच जवळ अडखळू लागली. पाण्याच्या वाफेची एक शोषणरेषा (ठरावीक वारंवारतेभोवती शोषण वाढण्याची जागा) १.३५ सेंटिमीटरवर, म्हणजे २२.२३५ गिगाहर्ट्झला, अगदी शेजारी बसलेली होती. जॉन व्हॅन व्लेक यांनी कागदावरच्या गणिताने हा धोका आधीच दाखवला होता. पुढे १९४६ मध्ये रॉबर्ट डिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओमीटर, म्हणजे येणारे विकिरण मोजणारे यंत्र, आकाशाकडे वळवून ते शोषण प्रत्यक्ष मोजले.

हवा मायक्रोवेव्ह किती शोषते आणि स्वतः किती चमकते, हे तेव्हा कागदावर कष्टाने केलेले गणित आज साधा लॅपटॉप क्षणात करतो. गाभ्याचा लूप तर दहा ओळींत मावतो. आणि गंमत अशी की चुका त्या दहा ओळींत क्वचितच सापडतात. त्या दडून बसतात आजूबाजूला: एककांमध्ये, दाबाच्या व्याख्येत, थरांच्या क्रमात, पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेत (आदर्श कृष्णवस्तूच्या तुलनेत तो किती चमकतो त्यात). प्रोग्रॅम न अडखळता चालतो, २५० केल्विनसारखा अगदी पटण्याजोगा आकडा देतो, आणि तो आकडा साफ चुकीचा असतो. म्हणून इथे एकच शिस्त पाळू: प्रत्येक टप्प्यावर प्रारूपाला आधी असा प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर आपल्याला अगोदरच ठाऊक आहे.

पायथॉन किंवा अ‍ॅरे हाताळणारी कोणतीही भाषा चालेल. गणित बारावीच्या पुढचे फारसे लागत नाही.

आधी ठरवा: कोण कुठे पाहतो आहे

जमिनीवरचा रेडिओमीटर वर पाहतो. त्याच्यामागे थंडगार अवकाश असते, म्हणून वातावरणाची प्रत्येक चमक त्याला उठून दिसते. उपग्रह खाली पाहतो आणि त्याच्यामागे ऊबदार पृथ्वी असते. तिसरा प्रकार क्षितिजाच्या कडेकडून आडवे पाहण्याचा. पहिल्या प्रारूपासाठी जमिनीवरून वर पाहणारा रेडिओमीटरच निवडा. त्यात पृष्ठभागाची कटकट नाही.

मग वारंवारता. ऑक्सिजनच्या रेषांचा दाट पुंजका ५० ते ७० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि एक एकटी रेषा ११८.७५ ला. पाण्याच्या वाफेची दुबळी रेषा २२.२३५ ला, दांडगी रेषा १८३.३१ ला. मधल्या मोकळ्या जागा, उदाहरणार्थ ३१, ८९ आणि १५० गिगाहर्ट्झच्या आसपास, यांना आपण खिडक्या म्हणतो. कोरड्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २०.९५ टक्के असे ठरलेले असल्यामुळे त्याच्या रेषांतून तापमान कळते. वाफेचे प्रमाण जागोजागी बदलते, म्हणून तिच्या रेषांतून आर्द्रता कळते. खिडक्यांतून ढगातले पाणी आणि पृष्ठभाग दिसतो.

दहा ओळींचा लूप

मायक्रोवेव्हमध्ये विकिरणाची तीव्रता तापमानाच्या भाषेत सांगायची पद्धत आहे. जितकी तीव्रता, तितक्याच तीव्रतेने चमकणाऱ्या आदर्श कृष्णवस्तूचे तापमान म्हणजे दीप्ती-तापमान. वातावरणाचे आडवे थर पाडा. प्रत्येक थर दोन कामे करतो: मागून आलेले विकिरण थोडे गिळतो आणि स्वतःच्या तापमानाप्रमाणे थोडे सोडतो. जितके गिळतो त्याच प्रमाणात सोडतो, हा किरखॉफचा नियम.

थराची अपारदर्शकता टाऊ असेल, तर त्यातून पार होणारा हिस्सा प = ई^(−टाऊ). मग:

दीप्ती ← सुरुवातीचे मूल्य
सर्वांत दूरच्या थरापासून जवळच्या थरापर्यंत:
  प ← ई^(−टाऊ)
  दीप्ती ← दीप्ती × प + थराचे तापमान × (१ − प)

वर पाहताना सुरुवातीचे मूल्य म्हणजे विश्वाचे पार्श्वभूमी विकिरण, २.७३ केल्विन. एवढेच.

हाताने एकदा करून पाहा. सगळे वातावरण एकच थर माना, तापमान २७५ केल्विन, टाऊ ०.१. प येतो ०.९०४८. पार्श्वभूमीतून उरले २.४७, थराने दिले २६.१७, एकूण २८.६४ केल्विन. तुमच्या प्रोग्रॅमने हाच आकडा द्यायला हवा.

आता शोषणाचे एक अक्षरही लिहिण्याआधी टाऊचे खोटे आकडे भरून लूपला चार प्रश्न विचारा. सगळ्या थरांचा टाऊ शून्य केला तर सुरुवातीचेच मूल्य परत यायला हवे. टाऊ प्रचंड केला तर निरीक्षकाच्या सर्वांत जवळच्या थराचे तापमान यायला हवे. एका थराचे त्याच तापमानाचे दोन अर्धे तुकडे केले तर उत्तर सातव्या-आठव्या दशांशापर्यंत हलता कामा नये. आणि माझी आवडती कसोटी: सगळे थर आणि मागची पार्श्वभूमी एकाच तापमानाला, समजा २८० ला, ठेवा. टाऊ काहीही असो, उत्तर नेमके २८० आलेच पाहिजे. बंद भट्टीच्या आत सगळीकडे सारखेच तेज दिसते, तसे.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने यातल्या तीन कसोट्या पार केल्या आणि दुसरीत तो आपटला. जमिनीवरून वर पाहत असताना मी थर जमिनीपासून वर मोजत नेले होते. म्हणजे प्रत्यक्षात मी उपग्रहाच्या जागी बसून खाली पाहत होतो. खिडकीतल्या वारंवारतांना या घोळाने फारसा फरक पडत नाही, म्हणूनच तो आठवडाभर टिकला.

थराचे तापमान कोणते धरायचे

थराच्या तळाचे आणि माथ्याचे तापमान वेगळे असते. टाऊ अगदी लहान असेल तर दोन्हींची सरासरी पुरते. थर अपारदर्शक असेल तर नाही, कारण निरीक्षकाला थराची जवळची बाजूच जास्त दिसते. ६० गिगाहर्ट्झला समुद्रसपाटीजवळ शोषण किलोमीटरमागे साधारण १५ डेसिबल असते, म्हणजे टाऊ सुमारे ३.४५. एक किलोमीटर जाडीचा थर घ्या, खाली ३०० केल्विन, वर २९३.५. सरासरी तापमान वापरले तर थराचे योगदान २८७.३३ येते. तापमान टाऊबरोबर सरळ रेषेत बदलते असे धरले तर २८८.८६. दीड केल्विनची चूक, आणि तीसुद्धा एकाच थरात.

सरळ रेषेचे सूत्र असे:

योगदान = त(जवळ) × (१ − प) + [त(दूर) − त(जवळ)] × [१ − (१ + टाऊ) × प] ÷ टाऊ

टाऊ फार लहान, समजा ०.०००१ पेक्षा कमी, झाला की या सूत्रात दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते आणि अंक गळतात. तिथे सरासरीकडे परत या. हे सूत्र वापरले तरी जमिनीलगतचे थर ५० ते १०० मीटरचेच ठेवा. वर, हवा विरळ होत जाईल तसे जाड चालतात. किती थर पुरेत हे ठरवायचा प्रामाणिक मार्ग एकच: संख्या दुप्पट करा. उत्तर ०.०१ केल्विनहून जास्त हलले तर अजून पुरेसे नाहीत.

वातावरणाची शिडी

सुरुवातीला १९७६ चे अमेरिकी प्रमाण वातावरण घ्या. ते आकडे सगळीकडे मिळतात आणि इतरांच्या निकालांशी ताडून पाहता येते. नंतर फुग्यातून सोडलेल्या रेडिओसाँडची नोंद घ्या. शिडीच्या प्रत्येक पायरीवर, म्हणजे प्रत्येक उंचीवर, तीन गोष्टी हव्यात: दाब, तापमान, वाफेचे प्रमाण. उंची नसेल तर ती काढावी लागते:

जाडी = (२८७.०५ × आभासी तापमान ÷ ९.८०६६५) × ln(खालचा दाब ÷ वरचा दाब)

इथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम, आणि आभासी तापमान म्हणजे वाफेमुळे हवा हलकी होते ते धरून किंचित वाढवलेले तापमान. ताळा: आभासी तापमान २८५ केल्विन, दाब १००० वरून ९०० हेक्टोपास्कल. उत्तर सुमारे ८७९ मीटर यावे.

वाफेत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. नोंदीत सापेक्ष आर्द्रता किंवा दवबिंदू असतो, शोषणाच्या सूत्राला वाफेचा आंशिक दाब किंवा घनता हवी असते. घनता (ग्रॅम प्रति घनमीटर) = २१६.७ × वाफेचा दाब (हेक्टोपास्कल) ÷ तापमान (केल्विन). ३०० केल्विनला संपृक्त दाब सुमारे ३५.३ हेक्टोपास्कल, म्हणून ८० टक्के आर्द्रतेला घनता साधारण २०.४ ग्रॅम. शून्याखालच्या तापमानात संपृक्त दाब पाण्यावरचा धरायचा की बर्फावरचा, हा प्रश्न येतो. रेडिओसाँडची सापेक्ष आर्द्रता रिवाजाप्रमाणे सगळीकडे पाण्याच्या संदर्भात दिलेली असते. वरच्या थंड हवेत बर्फाचे सूत्र लावले तर वाफ विनाकारण कमी होते आणि १८३ गिगाहर्ट्झचे उत्तर बिघडते.

दुसरा सापळा दाबाचा. लिबे यांच्या पद्धतीच्या शोषणसूत्रांत (त्यांचे प्रारूप पुढे येईल) कोरड्या हवेचा दाब आणि वाफेचा दाब वेगवेगळे द्यावे लागतात. साँडने दिलेला दाब एकूण असतो. वजाबाकी विसरलात तर दमट हवेत जमिनीजवळ दोन-तीन टक्के ऑक्सिजन फुकट वाढतो. आकडा लहान वाटतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

शिडी तयार झाली की वाफेची घनता उंचीभर बेरजेला घ्या. तळाशी ७.५ ग्रॅम आणि दर दोन किलोमीटरला ई-पट घट अशी काल्पनिक वाफ भरली तर एकूण १५ किलो प्रति चौरसमीटर, म्हणजे १५ मिलिमीटर पाणी यायला हवे. १.५ आले किंवा १५,००० आले, तर एकके कुठे सांडली ते तुम्हाला लगेच कळेल.

आणखी एक: फुगा साधारण ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो, कधी बराच आधी. २२ गिगाहर्ट्झला त्याचे काही बिघडत नाही. ऑक्सिजनच्या पुंजक्याच्या मध्यावर उपग्रहातून पाहताना मात्र स्थितांबराचा वरचा भागही दिसतो, म्हणून शिडी हवामानशास्त्रीय सरासरीने ८० किलोमीटरपर्यंत लांबवावी लागते. जोडाच्या जागी तापमानाची पायरी पडू देऊ नका.

शोषण: इथे घाई नको

शोषण म्हणजे रेषांची बेरीज अधिक एक सलग पार्श्वभूमी, म्हणजे सगळ्या वारंवारतांवर पसरलेले शोषण. प्रत्येक रेषेसाठी तक्त्यात तिची मध्य वारंवारता, ताकद, ताकदीचा तापमानाशी संबंध, रुंदी आणि रुंदीचा तापमानाशी संबंध दिलेला असतो. रेषेचा आकार मायक्रोवेव्हमध्ये व्हॅन व्लेक–वाइसकॉफ यांचा घेतात, १९४५ चा. साध्या लॉरेंट्झ आकाराला पुरवणी म्हणून ऋण वारंवारतेचा आरसाही त्यात धरलेला असतो. वारंवारता कमी असल्यामुळे तो वगळून चालत नाही.

रुंदी ही या विषयाची किल्ली आहे. रेणू एकमेकांवर जितके जास्त आपटतात तितकी रेषा पसरते. वाफेची रेषा एका हेक्टोपास्कलमागे साधारण ३ मेगाहर्ट्झ पसरते. जमिनीलगत तिची अर्धरुंदी ३ गिगाहर्ट्झच्या घरात जाते आणि १० किलोमीटरवर एका गिगाहर्ट्झच्याही खाली येते. यामुळेच रेषेच्या मध्यावर पाहिले तर वरची हवा दिसते आणि कडेला सरकले की खालची. उंचीचा सगळा पत्ता या पसरण्यात लिहिलेला आहे. पार ६०–७० किलोमीटरवर रेणूंच्या धावण्यामुळे येणारी डॉप्लर रुंदी दाबाच्या रुंदीशी बरोबरी करू लागते. तिथपर्यंत जायचे नसेल तर तिचा विचार सोडा.

ऑक्सिजनचे प्रकरण थोडे वेगळे. ६० गिगाहर्ट्झभोवतीच्या रेषा जमिनीजवळ इतक्या पसरतात की त्या एकमेकींत मिसळतात, आणि मिसळलेल्या रेषांचे शोषण म्हणजे सुट्या रेषांची नुसती बेरीज नव्हे. यासाठी प्रत्येक रेषेला एक जुळणी-पद जोडलेले असते. तक्ता उतरवताना हा स्तंभ पुष्कळ जण सोडून देतात, कारण त्याशिवायही आलेख सुंदर दिसतो. ५० ते ५५ गिगाहर्ट्झच्या उतारावर मात्र उत्तर चुकते.

सलग पार्श्वभूमीत दोन तुकडे असतात: वाफेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा, आणि वाफेचा दाब गुणिले कोरड्या हवेचा दाब या प्रमाणात वाढणारा. खिडक्यांत हाच घटक मोठा असतो आणि वेगवेगळ्या प्रारूपांचे सर्वाधिक मतभेदही याच्याबद्दल आहेत.

इथे सल्ला असा की रेषांची मूल्ये शोधत बसू नका. लिबे यांचे १९९३ चे एमपीएम (मिलिमीटर-तरंगांच्या प्रसारणाचे प्रारूप), रोझेन्क्रान्झ यांचे १९९८ चे वाफेचे प्रारूप किंवा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.६७६ ही शिफारस, यांपैकी एक पूर्णपणे घ्या. एकाच्या रेषा आणि दुसऱ्याची पार्श्वभूमी असे कडबोळे करू नका. पार्श्वभूमीची मूल्ये त्या-त्या रेषांच्या तक्त्याशी जुळवूनच ठरवलेली असतात, जोडी फोडली की दोन्ही निरर्थक. आणि तक्ता हाताने टाइप करू नका. एमपीएम किंवा पी.६७६ मध्ये ऑक्सिजनच्या ४४ रेषा, वाफेच्या तिसाहून अधिक, प्रत्येकीचे सहा स्तंभ. एक अंक इकडचा तिकडे होणारच.

ताळा: जमिनीलगतच्या प्रमाण हवेत (१०१३ हेक्टोपास्कल, १५ अंश सेल्सिअस, वाफ ७.५ ग्रॅम) १ ते ३०० गिगाहर्ट्झचा आलेख काढा. २२ ला छोटा उंचवटा, ६० ला किलोमीटरमागे १५ डेसिबलच्या आसपासचा डोंगर, ११९ ला सुळका, १८३ ला दुसरा डोंगर दिसायला हवा. डोंगर ६५ चा दिसला तर तुम्ही ४.३४३ ने एकदा जास्त गुणले आहे. ३.५ चा दिसला तर आलेख नेपरमध्ये, म्हणजे इथे टाऊच्या एककात, आहे. लूपला मात्र नेपरच हवा: डेसिबल भागिले ४.३४३. हा गुणक प्रोग्रॅममध्ये एकाच जागी, ठळक नाव देऊन ठेवा.

थराचा टाऊ काढताना खालच्या आणि वरच्या कडेच्या शोषणाची (श१ आणि श२) साधी सरासरी घेऊ नका. शोषण उंचीबरोबर साधारण घातांकी कमी होते. म्हणून (श१ − श२) ÷ ln(श१ ÷ श२) ही सरासरी घ्या आणि जाडीने गुणा. दोन्ही मूल्ये जवळजवळ सारखी असतील तिथे भागाकार शून्यावर आदळतो, तेवढी अट घाला.

वरून खाली पाहताना

आता निरीक्षक उपग्रहावर न्या. लूप दोनदा चालवावा लागेल. आधी वरून खाली, पृष्ठभागावर पडणारे आकाशाचे तेज काढायला. मग पृष्ठभागावर: उत्सर्जकता × पृष्ठभागाचे तापमान + (१ − उत्सर्जकता) × खाली आलेले तेज. आणि ही बेरीज सुरुवातीचे मूल्य धरून खालून वर.

मघाचेच एकथरी वातावरण घ्या, २७५ केल्विन, टाऊ ०.१, पृष्ठभाग ३०० केल्विनला. समुद्राची उत्सर्जकता ०.५ धरली तर उपग्रहाला १७४.९ केल्विन दिसतात. जमिनीची ०.९५ धरली तर २८५.३. एकच हवा, एकच तापमान, आणि फरक ११० केल्विनचा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. टाऊ दुप्पट, ०.२ करा. समुद्रावर उत्तर १९४.० होते, म्हणजे १९ केल्विनची उडी. जमिनीवर? २८५.३४४ वरून २८५.३२०. एका केल्विनचा चाळिसावा भाग. हवेतली वाफ किंवा ढग दुप्पट झाले आणि उपग्रहाला पत्ताच लागला नाही, कारण ऊबदार पडद्यामागे तितकीच ऊबदार भिंत होती. खिडकीतल्या वारंवारतांनी समुद्रावरची वाफ सहज मोजता येते आणि जमिनीवरची का नाही, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. कोणतेही मोठे प्रारूप हातात घेण्याआधी हा हिशेब स्वतः करा.

समुद्राची उत्सर्जकता खाऱ्या पाण्याच्या विद्युत गुणधर्मांवरून फ्रेनेलच्या सूत्रांनी काढता येते. आडव्या आणि उभ्या ध्रुवणासाठी ती वेगळी येते, आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा व फेस यांची दुरुस्ती हवी. जमिनीसाठी सूत्र शोधण्यात अर्थ नाही. उपग्रहांच्या नोंदींवरून तयार केलेले उत्सर्जकतेचे नकाशे वापरा.

कोन

तिरपे पाहिले तर थर जाड दिसतो. खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, कोन मोजून टाऊला कोसाइनने भागा: ६० अंशांना दुप्पट. क्षितिजावर १५ ते २० अंश उंचीपर्यंत हे चालते. ५ अंशांवर हे सूत्र साडेअकरा पट जाडी सांगते, जी पृथ्वीच्या गोलाईमुळे प्रत्यक्षात कमी असते. तिथे (त्रिज्या + उंची) × साइन(कोन) ही राशी किरणभर स्थिर धरून प्रत्येक थराचा स्थानिक कोन काढा. वक्रीभवनही हवे असेल तर तिला अपवर्तनांकाने गुणा. तो काढायला हवेचा दाब, तापमान आणि वाफच पुरतात, आणि ते तुमच्याकडे आहेतच.

एक वारंवारता की चॅनेल

यंत्र एकच वारंवारता पाहत नाही, पट्टा पाहते. १८३.३१ च्या आसपासची चॅनेले तर रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जोडीने असतात. उदाहरणार्थ, २०११ साली सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरच्या सॅफिर या यंत्राची सहा चॅनेले मध्यापासून ०.२ ते ११ गिगाहर्ट्झ अंतरावर होती. दोन्ही पट्ट्यांत काही वारंवारता घ्या, प्रत्येकीसाठी पूर्ण लूप चालवा आणि शेवटच्या दीप्तीची सरासरी घ्या. शोषणाची सरासरी काढून लूप एकदाच चालवणे चुकीचे, कारण मध्ये घातांक बसलेला आहे.

याच टप्प्यावर एक जुने कर्ज फेडा. दीप्ती तापमानाच्या प्रमाणात असते हे रेले–जीन्सचे सन्निकटीकरण आहे, खरे सूत्र प्लांकचे. ऊबदार हवेसाठी फरक वारंवारतेनुसार जवळजवळ ठरावीक असतो, १८३ गिगाहर्ट्झला सुमारे ४.४ केल्विन, आणि सगळीकडे सारखाच लागू केला तर तो शेवटी निघून जातो. थंड अवकाशाच्या बाबतीत मात्र निघून जात नाही. २.७३ केल्विनचे रेले–जीन्स-तुल्य मूल्य २२ गिगाहर्ट्झला २.२३ आणि १८३ ला फक्त ०.३७ आहे. सरळ उपाय: आत सगळीकडे प्लांकचे सूत्र, आणि तापमानात रूपांतर फक्त शेवटी, एकदाच.

ढग आणि पाऊस

ढगातले थेंब काही मायक्रोमीटरचे, तरंगलांबी मिलिमीटरची. म्हणून थेंबांचा आकार महत्त्वाचा राहत नाही. शोषण फक्त पाण्याच्या एकूण प्रमाणावर आणि तापमानावर ठरते, आणि ते वायूंच्या शोषणात मिळवले की लूप जसाच्या तसा चालतो. तरंगत्या बर्फाचे शोषण नगण्य.

पाऊस आणि मोठी गार सुरू झाली की हा लूप बाजूला ठेवा. १०० गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मिलिमीटर, थेंबही त्याच मापाचे. आता विकिरण विखुरते, एका दिशेचे दुसऱ्या दिशेत मिसळते, आणि सगळ्या दिशांचे समीकरण एकत्र सोडवावे लागते. गोल थेंबांसाठी गुस्ताव मी (Mie) या शास्त्रज्ञाचा १९०८ चा सिद्धांत चालतो, बर्फाच्या वेड्यावाकड्या कणांसाठी तोही नाही. स्वतः लिहून शिकण्याची हद्द माझ्या मते इथे संपते. आर्ट्स, आरटीटीओव्ही किंवा सीआरटीएम यांपैकी एक तयार प्रारूप घ्या. पहिले दर वारंवारतेला सावकाश आणि बारकाईने गणित करते. उरलेली दोन हवामान अंदाजासाठी वेगवान बनवलेली आहेत, त्यांत प्रत्येक चॅनेलचे गुणांक आधीच काढून ठेवलेले असतात. निरभ्र हवेत तुमच्या प्रारूपाचे आकडे यांच्याशी ताडून पाहा. एकच शोषणप्रारूप आणि एकच शिडी दोन्हीकडे दिली असेल, तर फरक केल्विनच्या दशांशाहून बराच कमी असावा.

संवेदनशीलता

प्रारूप तयार झाले की एकेका थराचे तापमान १ केल्विनने वाढवा आणि उत्तर किती हलले ते टिपा. मग वाफ १० टक्क्यांनी वाढवून तेच. या आलेखांतून चॅनेल कुठल्या उंचीला पाहते ते दिसते. १ केल्विनऐवजी ०.१ वाढवून उत्तर आधीच्या दहाव्या भागाइतकेच हलते का, तेही बघा.

मोजलेल्या आकड्यांशी गाठ

शेवटी प्रत्यक्ष रेडिओमीटरच्या नोंदी घ्या, साँड सोडला त्याच वेळच्या आणि निरभ्र आकाशाच्या. प्रारूप आणि मोजमाप जुळणार नाही, हे धरूनच चाला. कुठे जुळत नाही यावरून दोष ओळखायचा. ५८ गिगाहर्ट्झसारख्या अपारदर्शक चॅनेलला वर पाहणाऱ्या यंत्राला फक्त काही शे मीटरची हवा दिसते, म्हणजे उत्तर जवळपास बाहेरच्या थर्मामीटरइतकेच हवे. ते चुकले तर संशय यंत्राच्या अंशांकनावर (कॅलिब्रेशनवर) घ्या, प्रारूपावर नाही. २२ च्या आसपास फरक मोठा आणि ३१ ला नगण्य असेल तर वाफ: साँडचा आर्द्रतामापक दिवसा उन्हात तापून कमी वाचतो, हा जुना आजार. ३१ ला जास्त आणि २२ ला कमी असेल तर निरभ्र समजलेल्या आकाशात पातळ ढग होता. ५१ ते ५३ च्या उतारावरच बिघडले असेल तर ऑक्सिजनचे शोषण, आणि तिथे पहिल्यांदा तो जुळणी-पदाचा स्तंभ उघडून पाहा. फरक कोनाबरोबर वाढत असेल तर आधी यंत्राची तिपाई समपातळीत आहे का ते पाहून या.